हत्तीखडकाच्या अलीकडे

शुक्रवार, १ ऑगस्ट १९९७

पुन्हा बंद पडलं! त्याच जागी!

हत्तीखडक डाव्या हाताला आला की नावेचं मशीन खोकतं, दोन उचक्या देतं आणि गप्प. या आठवड्यातली तिसरी खेप. एकोने तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत डोकावलं — तेल आहे. झाकण लावलं, दोरी ओढली — एका झटक्यात चालू! पण पुढे जायची कुणाची छाती झाली नाही. नाव वळवली. आणि वळवल्यावर? खोकला नाही, उचकी नाही. थेट आमच्या वाळूवर आणून सोडलं.

खलाशी उतरले. जोजो एरवी स्वतःच्याच बोलण्यावर आधी हसतो, मग बोलतो. आज हसला नाही. म्हणाला, "अराबाताई, तुझं मशीन आम्हाला घरी हाकलतंय बघ."

मी म्हटलं, "मशीनला काय कळतंय मेल्या, घर कुठे ते!" म्हटलं खरं. पण खडकाकडे एकदा वळून बघितलंच.

शनिवार, २ ऑगस्ट

मासळी नाही. धूर द्यायला काही नाही, म्हणून भट्ट्या गार पडल्या. बायका येऊन रिकाम्या टोपल्या घेऊन गेल्या.

एको माझा धाकटा भाऊ. बाबांच्या मागे तोच तांडेल. तो मारून आणतो, मी धुरी देऊन विकते, त्यावर आम्ही तिघं जगतो — तो, मी, आई. हेरिंगचा मोसम हा एवढाच, ऑगस्ट-सप्टेंबर. खलाशी आज-उद्या दुसऱ्या नावेवर जातील. मग एको काय वाळूत नांगर होऊन बसणार?

बाजारात कुजबुज सुरू झालीच. बाबा खडकाच्या पलीकडेच गेले ना, दोन वर्षांपूर्वी. नाव आली, मशीन आलं, लाल पत्र्याची टाकी आली. बाबा आले नाहीत. आता ते तिथे उभे राहून पोराला परत पाठवतात म्हणे.

मी लोकांवर खेकसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटलं — आणि खरंच असलं तर? केवढा हात असेल तो, धावती नाव नुसत्या इच्छेने थांबवणारा!

आई जेवताना एवढंच म्हणाली, "खडकाच्या अलीकडचे मासे काय मेलेत?"

मंगळवार, ५ ऑगस्ट

मंगळवार. आज समुद्राची विश्रांती, कुणी नाव घालायची नाही. जाळी शिवायची, भोकं बुजवायची, आणि ज्यांची मशीनं आजारी त्यांनी ओतू फिटरच्या झाडाखाली रांग लावायची.

ओतू फिटर म्हणजे तोंडाचा भोंगाच. "बाय, या किनाऱ्यावर असं मशीन जन्माला आलं नाही, जे माझ्यापुढे रडलं नाही!" कार्बोरेटर काढला, धुतला, तारेने टोचला, फुंकला. प्लग घासले. गाळणी उन्हात धरून बघितली. मग मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं, स्वतःच्या डब्यातून नळी जोडली आणि चालू केलं. काय आवाज! पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळलं. पोरंबाळं टाळ्या वाजवायला लागली.

"घेऊन जा तुझा घोडा," म्हणाला.

एकोने विचारलं, "टाकीत काही नसेल ना?"

"झाकणाला हवेचं भोक आहे ना?"

"आहे की. बाबांच्या वेळचं."

"मग झालं तर!"

आमची टाकी जुन्या पद्धतीची. बाकीच्या नावांवर प्लास्टिकचे डबे, बुचाला खिळ्याने पाडलेलं भोक. एकोही अशाच नावांवर वाढला. ही लाल टाकी बाबांची लाडकी. ते असताना संध्याकाळी ती डोक्यावर घेऊन आईच घरी यायची. कधी एक थेंब तिच्या रुमालावर सांडलेला मी पाहिला नाही. यंदाचा मोसम सुरू होताना तिने बाबांच्या निळ्या अंगवस्त्राची पट्टी फाडून टाकीच्या झाकणावर गच्च बांधली, डोक्याला रुमाल बांधतात तशी. वर दारू शिंपडली, बाबांना हाक मारली. झाकण फिरवायचं ते त्या पट्टीसकट. आमच्यात ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवते.

काल बरा गेला. कारण काल गेलेच नाहीत, लाट मोठी होती. आज गेले. खडकापाशी खोकला, उचक्या, गप्प. झाकण उघडलं, लावलं, ओढलं, चालू. यावेळी एको हट्टाला पेटला. म्हणाला, बाबा असोत नाहीतर बाबांचे बाबा, मी पुढे जाणार! गेले. खडक मागे टाकला. आणि उघड्या दर्यात पुन्हा बंद. या वेळी घाबरून झाकण कुणी उघडलंच नाही. जोजो फुगा दाबदाब दाबत होता — टाकीकडून मशीनकडे तेल ढकलणारा नळीतला रबरी फुगा — प्लग तेलात भिजले, दोरी ओढून ओढून तुटली आणि जोजो तिच्यासकट मागे आपटला.

मग नुसते वाहत गेले. एको सांगतो, पाण्याचा रंग बदलला. हिरव्याचा निळा, निळ्याचा काळा. किनारा आधी रेघ झाला, मग तोही नाही. खाली किती खोल आहे ते पायांना कळत होतं, म्हणतो. एको म्हणजे बढाया मारणारा पोरगा! हे सांगताना एकही बढाई मारली नाही. "ताई, एवढं मोठं आहे गं ते. आपण रोज नुसत्या उंबऱ्यावर खेळतो."

शेजारच्या गावची नाव दिसली म्हणून वाचले. त्यांनी ओढत आणलं.

आई सकाळपासून गुडघाभर पाण्यात उभी होती. मी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके नेलं, मिरचीचं वाटण नेलं — खाल्लं नाही. हाताला धरून ओढलं तर हलली नाही. ओठ चालले होते, पण बाबांना हाक मारत नव्हती. तिच्या तोंडचे शब्द मी जवळ जाऊन ऐकले. "मी असं नव्हतं सांगितलं. मी असं नव्हतं सांगितलं."

मला वाटलं, देवाशी बोलतेय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

दोन खलाशी गेले. जोजो म्हणतो, बुधवारपर्यंत बघतो.

रविवार, १० ऑगस्ट

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. प्रार्थना चालू असताना मी मशीनचाच विचार करत होते, देवा माफ कर.

पण विचार असा आला, की मी बाकावरून ताडकन उठले. ओतू फिटर मशीन चालवून बघतो ते स्वतःच्या डब्यावर! त्याच्या डब्यावर मशीन धावतं. आमच्या टाकीवर मरतं. मग आजारी कोण? मशीन नव्हेच! आणि दुसरं — दरवेळी झाकण उघडून बघितलं की ते जिवंत होतं. तेल आहे का बघायला उघडतात, तेल असतंच. मग उघडल्याने काय बदलतं?

शेजारची बाई कोपराने ढोसून म्हणाली, "अगं बस, सगळे उभे राहिले तेव्हा बसलीस, आता बसलेत तर उभी!"

मंगळवार, १२ ऑगस्ट

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ओतू फिटरला म्हटलं, आज आमच्या टाकीवर चालव. "बाई मशीन शिकवायला लागल्या, आता मी भट्टीवर मासे भाजतो," असं म्हणाला, पण ऐकलं. टाकी काठोकाठ भरली. मशीन पिंपात, सुरेख चाललं. चाललं, चाललं. लोक कंटाळून पांगले. फिटर म्हणाला, "बघितलंस?" मी म्हटलं, "थांब." आणि तो रबरी फुगा तळहातात धरून बसले.

आणि तो माझ्या हातात बारीक व्हायला लागला!

हळूहळू, लहान मूल छातीला लुचतं तसं मशीन त्याला आत ओढत होतं. फुगा चपटा झाला. माझ्या मुठीत काही उरलंच नाही. मशीन खोकलं. दोन उचक्या. गप्प! कोरड्या जमिनीवर, झाडाच्या सावलीत! ना खडक, ना दर्या. आजूबाजूचे सगळे धावत आले. फिटरने फुगा माझ्या हातातून घेतला, दाबून बघितला.

मग म्हणाला, "हवा. तेल बाहेर यायचं तर टाकीत हवा शिरायला हवी. शिरत नाहीये. ते फडकं सोडा."

कुणी पुढे होईना. एकोसुद्धा मागे सरला. बाबांचं अंगवस्त्र, आईची गाठ.

आईला बोलावलं. मला वाटलं होतं, रडेल, भांडेल. ती आली, मशीनकडे बघितलं नाही, फिटरकडे नाही. एकोच्या तळहातांवरचे दोरीचे फोड मात्र बघितले, बराच वेळ. मग खाली बसली, गाठ सोडली, पट्टी घडी करून कमरेला खोचली आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

खाली झाकणाच्या मधोमध एक पितळी स्क्रू. हरभऱ्याएवढा. पूर्ण घट्ट आवळलेला. फिटरने दोन बोटांत धरून उलटा फिरवला —

सूंऽऽऽ! टाकीने श्वास घेतला! लांब, खोल. आणि आत चेपलेला पत्रा टण्णकन बाहेर आला. आम्ही सगळे दचकून मागे झालो. मग मशीन चालू केलं, ते चालतच राहिलं. ऊन कलेपर्यंत. आम्ही बघतच राहिलो.

केवढी ती नाव, केवढं ते मशीन, काय ती माणसं आणि त्यांच्या बढाया! आणि सगळं अडलं होतं सुईच्या नाकाएवढ्या भोकावर. मला हसू येईना, रडू येईना. मी टाकीवर हात ठेवून बसले होते, आजारी माणसाच्या छातीवर ठेवतात तसा.

फिटर म्हणाला, "फडक्याला पीळ देताना स्क्रू फिरला असणार. मावशीला काय ठाऊक!" एको हसला, जोजो तर वाळूत लोळला. "म्हणजे बाबांनी नाही, बाबांच्या कपड्याने अडवलं आम्हाला!"

घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, मशीन नीट झालं. ती "बरं" म्हणाली. उद्या किती वाजता निघणार, विचारलं.

बुधवार, १३ ऑगस्ट

पहाटे आई टाकी डोक्यावर घेऊन वाळूवर आली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. गुडघाभर पाण्यात शिरून तिने ती नावेत ठेवली. कुणी काही म्हणायच्या आत झाकणावरचा स्क्रू दोन बोटांत धरला, उलटा फिरवला, वाकून कान लावला, हवेचा आवाज ऐकला. मग एकोला म्हणाली, "जा आता."

स्क्रूबद्दल आम्ही तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या बोटांना तो पाठ होता — बाबांच्या वेळी टाकी डोक्यावर घेताना, थेंब सांडू नये म्हणून, रोज तीच तो आवळायची.

नाव खडकाच्या पलीकडे गेली. आवाज तुटला नाही. मी आईचा हात धरून उभी राहिले.