जाड धमनी

मुरबाड, मंगळवार संध्याकाळ

आज म्हशाच्या हिराबाईंचं पित्ताशय काढताना पित्ताशयाची समजून एका धमनीला क्लिप लावणारच होते. मग वाटलं, ही एवढी जाड कशी? थांबले. हळूहळू मोकळी करत गेले, तर ती वळसा घेऊन थेट यकृतात शिरत होती. हे वळण आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं! पित्ताशयाची खरी, बारीक धमनी तिच्यापासूनच फुटली होती. तेवढीच बंद केली. पण ती जाड कापली असती तर?

शुद्धीवर आल्यावर हिराबाईंनी विचारलं, "डॉक्टरबाई, काय बिघडला नाय ना?"

"नाही. फक्त तुमची एक रक्तवाहिनी इतरांपेक्षा वेगळी निघाली."

त्या हसल्या. "माझी सासू तेच सांगते, ही बाय येगलीच हाय."