जुन्याचं वाण

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार लिहीत नाही. तुम्ही होतात तेव्हा कधी घातला नाही. आता घातला तर तुम्हीच दचकाल.

लिहायचं कारण असं, की गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी नानासाहेब आपल्या चेरीतालच्या घरी आले. रविवारी तुमची शोकसभा आहे. मला म्हणाले, "तुम्ही लेखक माणूस, त्यातून सख्खे दीर. दोन पानं लिहून द्या जी. फक्त विनोदी नको, जरा हृद्य असू द्या."

तुम्ही गेल्यावर महिनाभरात पुन्हा लढाई लागली. दादाला कारखान्यात दोन-दोन पाळ्या, खिडक्यांना काळे कागद. आणि मंडळाने घरोघरचे जुने कपडे, डबे, भांडी गोळा करून वाटायची समिती काढली आहे. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष दोन, बिल्ले सगळ्यांना. वस्तू तेवढ्या अजून यायच्या आहेत. समितीला तुमचं नाव द्यायचं एकमताने ठरलं!

नानासाहेब आठवतात ना? माझ्या नाटुकल्यात नऊवार नेसून तुमची भूमिका यांनीच केली होती.

चीनच्या लढाईचा तो हिवाळा. बाजारात एक असलं तर दुसरं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, यावर बायकांची चर्चा चालली होती. तुम्ही म्हणालात, यंदा विकत काही आणायचं नाही. प्रत्येकीने घरातलंच एक जुनं, धुऊन-सांधून आणायचं. केवढा गहजब झाला! जुनं का कोणी वाण देतं? सवाष्णीच्या हातावर दुसरीचं वापरलेलं ठेवायचं? तुम्ही शांतपणे विचारलंत, "वाण लुटायचं असते ना? मग लुटीत काहून नवं-जुनं पाहाचं?"

संक्रांतीला सगळ्याजणी जुनंच घेऊन आल्या. सासूबायासुद्धा.

त्यातूनच व्हरांड्यातली पेटी आली. दादाने कारखान्याच्या लिलावातून आणलेलं ते खोकं, अंगावर काळे आकडे छापलेलं. आत कधीकाळी काय होतं, ते कोणी विचारलं नाही. तुमचे नियम दोनच. फाटकं-तुटकं तसंच टाकायचं नाही, आणि कोणी टाकलं ते कोणी सांगायचं नाही. गल्लीतल्या घरांतून कचरा म्हणून निघणारं अर्धंअधिक तुमच्या पेटीत येई आणि आठ दिवसांत कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसे. स्वेटर उकलून तुम्ही ती वळ्या पडलेली लोकर किटलीच्या वाफेवर धरायच्या. शेजारच्या तिवारी भाभींच्या पोरीने अख्खं बालपण तीन घरांच्या लोकरीत काढलं.

आणि मी? मी त्याच पेटीतला कोट घालून कवितेच्या बैठकांना जात होतो, आणि घरी येऊन तुम्हाला भंगारलक्ष्मी म्हणत होतो.

नाटुकल्याचं नावही तेच ठेवलं. पाकिस्तानच्या लढाईनंतरचा गणपती होता. नऊवारीतले नानासाहेब वाण वाटतात: एकीला एकच मोजा, एकीला बिनदात्यांची फणी, एकीला बूड नसलेली गाळणी. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. सगळ्यांना ठाऊक होतं कोणावर चाललंय. तुम्ही पहिल्या रांगेत, पदर तोंडाशी धरून हसून राहिल्या होत्या.

घरी पान वाढताना एवढंच बोललात. "चांगलं लिहिलं, भाऊजी. पण त्या गाळणीले मी नवी जाळी लावून दिली होती."

मी खो खो हसलो होतो. आज तो घास आठवतो.

त्यानंतरच्या संक्रांतीला तुम्ही बाजारातून प्लास्टिकच्या वाट्या आणून वाटल्या. व्हरांड्यातली पेटी मागच्या अंगणात गेली, तिच्यात कोळसा पडला. का, ते तुम्ही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, की गल्ली हसली म्हणून वहिनींनी सोडलं. गल्लीवर ढकललं की किती बरं असतं! गल्लीला तोंड नसतं.

परवा दादा म्हणाला, तिची ट्रंक पाहून घे, मला होत नाही. पाहिली. तळाशी एकवीस पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात एकेका बाईचं नाव. कात्री, रफू केलेली शाल, कल्हई केलेली वाटी. नानासाहेबांच्या बायकोच्या नावाचीही होती. आणि पुड्यांचा कागद? माझं नाटुकलं! तालमीच्या प्रती मी कोपऱ्यात फेकल्या होत्या, त्या तुम्ही वाया जाऊ दिल्या नाहीत.

म्हणजे नाटकानंतरही तुम्ही त्या संक्रांतीची तयारी केली होती. गल्ली हसली म्हणून तुम्ही थांबल्या नव्हत्या, वहिनी.

मग मला आठवलं. संक्रांतीला चार दिवस असतील. तुम्ही दुपारी दोरा तोंडात धरून काहीतरी बांधत होतात, आणि मी जाता जाता म्हणालो, "काय वहिनी, यंदा दुसरा अंक का?" तुम्ही मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी वाट्या आल्या.

बाहेरच्यांचं तुम्ही हसून सोडून दिलं. घरच्याचं काहून मनावर घेतलं? एकदा झापायचं होतं ना मला! गल्लीत सगळ्यांना फटकारत हिंडणारा मी, मलाही कोणी एक द्यायला हवी होती.

त्या एकविसांत माझ्या नावाची पुडी नव्हती. पुरुषांना वाण नसतं, एवढंच कारण असेल. एवढंच असेल ना?

काल तिवारी भाभी आल्या. पोरीचा स्वेटर आखूड झालाय, धुऊन आणला होता. म्हणाल्या, "भैया, समिती में नहीं देना. दीदी की पेटी कहाँ है?"

म्हणून आज सकाळपासून पेटी घासून राहिलो आहे. कोळसा लाकडात मुरलाय, पुरता निघणार नाही. व्हरांड्यात तिच्या जुन्याच जागी ठेवेन. संक्रांतीला भाभींना बरोबर घेऊन एकवीसही पुड्या नावानिशी घरोघर पोचवेन. उघडताना माझं अक्षर दिसेल, दिसू दे. रविवारी हृद्य काही वाचणार नाही, हेच पत्र वाचेन. पेटीत कोणी काय टाकलं ते तुमच्या नियमाप्रमाणे कधी सांगणार नाही. ती बंद कोणी पाडली, ते मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

तुमचा धाकटा दीर,
मधुकर