डिस्टेलवरचा खटला

प्रिय नोटबुर्गा मावशी,

बुटात हात घातल्यावर कागद लागला म्हणून दचकू नकोस. या वेळी बेडूक नाहीये. तोंडाने बोलायला गेले की तू म्हणतेस, "व्रोनी, तोंड बंद कर आणि लाकडं आण," आणि मी येडी खरंच लाकडं आणायला जाते, मग बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. चुका काढत बसू नकोस. शाळेने माझा नाद कधीच सोडला होता, हे तुला माझ्या आईपेक्षा जास्त माहितीये.

आधी गावची बातमी. खानावळीतल्या पेंढा भरलेल्या रानडुकराला मिशा कोणी लावल्या, याचा तपास अजून लागलेला नाही. खानावळवाल्या श्रामेलबाईंचा माझ्यावर संशय आहे. माझाही माझ्यावरच आहे. पण पुरावा नाही.

आता डिस्टेलचं. तू तिचा पट्टा माझ्या हातात कोंबलास तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतंय. "बंदुकीच्या बाराला घाबरणारं शिकारी कुत्रं म्हणजे पाण्याला घाबरणारं बदक. सशांच्या हाक्यापर्यंत हिची भीती काढ, नाहीतर लिंझ शहरातली ती बाई नेईल हिला. बसू दे तिच्या सोफ्यावर." एवढं बोललीस आणि पाठ फिरवलीस. डिस्टेलला तू बाटलीने दूध पाजून वाढवलंय, मावशी. चूल विझली की तिला पांघरुणात घ्यायचीस, आणि आम्ही बघितलं तर म्हणायचीस, तीच घुसली. अशी कुत्री तू माझ्या हवाली केलीस, आणि मला तर बेकरीवाल्यानेसुद्धा एका हिवाळ्यातच कामावरून हाकललं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की पाणी कुठेतरी मुरतंय.

पण मी कामाला लागले. ती ताटलीत तोंड घालून खात असली की मी पार गोठ्याच्या मागे जाऊन झाकणावर झाकण आपटायची, हळूच. तिचे कान हलायचे पण तोंड हलायचं नाही, तोंड सॉसेजमध्ये. मग थोडं जवळून, मग अजून जवळून. जरा दबकली की मी परत लांब. घाई नाही, ओढाताण नाही, आणि "अगं बाई घाबरलीस का" असलं लाडात बोलणं तर अजिबात नाही. मग कागदी पिशव्या फोडल्या. मग शेजारच्या सेव्हेरिनला शेताच्या त्या टोकाला बंदूक घेऊन उभं केलं. तो म्हणाला, "मी शिकारी आहे का तुझा बँडवाला?" मी म्हटलं, "बँडवाल्याला सूर लागतो. तू नुसता बार काढ." शेवटी शेवटी असं झालं की बार झाला की डिस्टेल लाळ गाळत माझ्याकडे पळत यायची, सॉसेज कुठंय म्हणून. मी छाती फुगवून गावभर सांगितलं, कुत्री बरी झाली. पिशलरआजोबा म्हणाले, "व्रोनीने एखादं काम पुरं केलं? चर्चची घंटा वाजवा रे!"

आणि मग गेल्या शनिवारचा हाका. तुझ्या शेजारी मी, मेलेले ससे उचलायला. डिस्टेलचा पट्टा तुझ्या कमरेला. डावीकडे पिशलरआजोबा बार काढतायत, उजवीकडे सेव्हेरिन, त्याच्या पलीकडे अख्खी रांग धडाधड उडवतेय, आणि डिस्टेल कशी उभी? राणीसारखी. नाक वर, एक पाय उचललेला. मला तर वाटलं आता मला मेडल मिळतंय. तेवढ्यात तुझ्यासमोरून ससा गेला, तू बार काढलास, ससा गेला तो गेलाच, आणि डिस्टेलने असा हिसका दिला की पट्टा सुटला. पार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली. पुढच्या हाक्यात तेच, त्याच्या पुढच्या हाक्यात तेच. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "पुढच्या रविवारी लिंझला फोन करते." माझं मेडल चिखलात.

संध्याकाळी खानावळीत जेवणावर नेहमीचं शिकाऱ्यांचं कोर्ट बसलं. पिशलरआजोबा न्यायाधीश, डोक्यावर श्रामेलबाईंचा टेबलक्लॉथ, हातात सूप वाढायचा डाव. सशाच्या कानाला "कान" म्हटलं म्हणून धाकट्या डॉक्टरला एक फटका, कारण शिकाऱ्यांच्या बोलीत त्यांना "चमचे" म्हणायचं. मचाणावर घोरला म्हणून पोस्टमनला प्लमच्या दारूचा पेला, आणि ती शिक्षा त्याने दोनदा मागून घेतली. मग आजोबांनी डाव आपटला. "आरोपी डिस्टेल! गुन्हा, रणांगणातून पळ! वकील कोण?" सगळे ओरडले, "व्रोनी!" मी खुर्चीवर चढले. माझ्यासारखीला हे म्हणजे आयतं कुरण. मी म्हटलं, साहेब, माझी अशील पळाली नाही, ती ट्रॉलीखाली ससे शोधायला गेली होती. हशा. मग आजोबांनी सेव्हेरिनला उभं केलं. "साक्षीदार, आरोपी तुझ्या बाराला पळाली?" "नाही." "माझ्या बाराला?" "तुमच्या बाराला ससेसुद्धा पळत नाहीत." अजून हशा. "मग कोणाच्या?" तो म्हणाला, "फक्त नोटबुर्गाबाईंच्या."

मी हसत हसत तुझ्याकडे वळले, काहीतरी चुरचुरीत टाकणार म्हणून. आणि तू पेला घ्यायला हात पुढे केला होतास. पेला एकीकडे, तुझा हात दुसरीकडे. टेबलावर बोटं अशी सरकत सरकत चालली होती, लोणी चाचपडल्यासारखी. कोणाचं लक्ष नव्हतं. पेला सापडला तेव्हा तू असं तोंड केलंस की जणू तो तिथेच असणार हे तुला माहीतच होतं.

मावशी, तेव्हा खुर्चीवर उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. कॉफी बशीत ओततेस आणि किटलीला शिव्या देतेस ते. माणूस बोलेपर्यंत त्याला ओळख देत नाहीस, आणि लोक म्हणतात नोटबुर्गा चढेल झाली ते. तू वसंतापासून एकही ससा पाडलेला नाहीस, जी तू आपल्या अख्ख्या वाल्डफिर्टल मुलखाला नेम शिकवलास. आणि तुझा तो हात. पूर्वी बार झाला की तू म्हणायचीस, "जा गं पोरी, आण." आता ससा पडत नाही, तू काही बोलत नाहीस, आणि हात पट्ट्यावर असा आवळतेस की तिचा गळा दाबला जातो. तुला कळतसुद्धा नाही. भीती तुला वाटते, आणि ती पट्ट्यातून तिच्या गळ्यात उतरते. बाकीच्यांच्या बाराला तुझा हात सैल असतो, म्हणून ती राणी.

खटला जिंकायचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. "आरोपी बाराला घाबरत नाही, हुकलेल्या बाराला घाबरते!" ईस्टरपर्यंत हसले असते सगळे. पण मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा. श्रामेलबाईंच्या खसखशीच्या शेवयांपेक्षा जड गेलं. म्हटलं, साहेब, गुन्हा कबूल, शिक्षा वकिलाला द्या. आजोबांनी शिकारी सुऱ्याच्या पात्याच्या सपाट बाजूने बुडावर फटके घातले, सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं फटके लागले.

एक गोष्ट मात्र मी गिळणार नाही. शेवटच्या हाक्यात मी मध्येच "ससा गेला, ससा गेला" म्हणून बोंबलले, तुझा बार राहिला आणि तू मला गाढव म्हणालीस. तिथे ससा नव्हताच. झुडपातून सेव्हेरिनचा भाऊ बाहेर येत होता, तुझ्या नळीसमोर, अंगात ते भडक नारिंगी जाकीट. मला वाटलं तू रागात आहेस, म्हणून लक्ष नाही. आता कळतंय, तुला तो दिसलाच नाही.

म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच खाटकाच्या कागदावर, जाड पेनने, एवढ्या मोठ्या अक्षरांत. गुरुवारी सकाळी क्रेम्सला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुझं नाव घातलंय. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं, ते म्हणाले बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, पण बहुतेक मोतीबिंदू, निघतो. सेव्हेरिन गाडी आणतोय. त्याला सांगितलंय की मला चष्मा करायचाय, दुसऱ्या कोणाला काही माहीत नाही, होणारही नाही. बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी घेतलीये. शोधू नकोस, लपवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. लिंझच्या बाईलाही मीच फोन केला. म्हटलं कुत्री गुणाची आहे, फक्त दोन सोफे खाल्लेत आणि घंटा वाजली की गाते. बाई आता पोपट घेतेय. राग येईल तो गाडीत काढ, क्रेम्सपर्यंत वेळ भरपूर आहे. आणि डिस्टेल तुझ्यावर रुसलीये असं मनात आणू नकोस. काल सेव्हेरिनने आमच्या फळबागेत कावळा पाडला. डिस्टेल बारासरशी धावली, कावळा उचलला, मी सॉसेज धरून हात पुढे केला तर माझ्याकडे ढुंकून न बघता तशीच तुझ्या घराकडे गेली. आज सकाळी दारातून पाऊल टाकलंस ते ज्याच्यावर पडलं, आणि ज्याच्यापायी तू अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा शिव्या मला घातल्यास, तो कावळा मी ठेवलेला नव्हता, मावशी. तिने तुझ्यासाठी आणला होता.

तुझीच आगाऊ,
व्रोनी