बाराच्या आत न केलेला फोन

प्रिय ठकू,

पत्राला दोन महिने लागले, राग मानू नकोस. चारदा लिहायला बसलो आणि चारदा कागद फाडला. तुझ्या बापाने जन्मभर बसचे टायर बदलले, शाळा चौथीतच सुटली. लिहायचं म्हटलं की हाताला घाम येतो. तब्येत ठीक आहे. गॅस बंद केला का ते बघायला तीन-तीनदा उठतो, तेवढाच व्यायाम.

हॉटेलच्या पैशांचं लिहायचं आहे. तू आम्हा दोघांसाठी तळ्याकाठची खोली घेतलीस, सगळे पैसे आधीच भरलेस आणि मला बजावलंस, जाणं जमत नसेल तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत फोन करा, नाहीतर दमडी परत मिळणार नाही. मी फोन केला सोमवारी. आईला पोहोचवून आल्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, 'एक फोन करायचा होता, बाबा, तोही विसरलात. तिची औषधंही अशीच विसरला असाल.' मी गप्प राहिलो. तुला ती कबुली वाटली आणि सकाळी तू निघून गेलीस.

हॉटेलातल्या बाईंना मी नऊ वेळा फोन केला. आधी त्यांनी नियम वाचून दाखवला. पुढे आवाज ओळखून 'बोला आजोबा' म्हणायला लागल्या. दवाखान्याचे कागद आणि मृत्यूचा दाखला पाठवा, मालकांच्या कानावर घालते, म्हणाल्या. पाठवले. मालक कबूल झाले. फॉर्म सोबत जोडलाय. पैसे भरणाऱ्याचीच सही लागते. त्यात उशिराचं कारण विचारलंय. मी 'विसरलो' लिहिलं आणि खोडलं. खाडाखोड दिसेल, माफ कर.

औषध एकही चुकलं नाही गं. आणि फोनही विसरलो नव्हतो. शुक्रवारी तो हातातच होता. आई आठ दिवसांत पहिल्यांदाच उशीला टेकून बसली होती. म्हणाली, 'अहो, खोली ठेवलीय ना? खिडकीकडचा पलंग माझा. तुम्ही घोरता, तुम्ही दाराकडे.' बाहेर जाऊन फोन करता आला असता. पण परत आलो की तिने माझ्या तोंडाकडे बघून सगळं ओळखलं असतं. बारा वाजले तेव्हा कुठला स्वेटर पिशवीत भरायचा ते ती मला सांगत होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डॉक्टरांनी मला गुरुवारीच सांगितलं होतं, फार तर तीन दिवस. तू अचानक दारात उभी राहिली असतीस तर तिला कळलं असतं, म्हणून तुलाही फोन केला नाही. रविवारी पहाटे केला, तेव्हा ती गेली होती. हॉटेलचे पैसे परत येतील. तुझे ते तीन दिवस मी कुठून परत आणू? फॉर्मवर सही कर, नको तर करू नकोस. शिव्या दे हवं तर. पण दोन ओळी लवकर पाठव, ठकू. पोस्टमन साडेअकराला येतो, मी अकरापासून दारात असतो.

तुझाच,
बाबा