बोंबलांच्या दोरीवरचा शर्ट

३ नोव्हें., सोम.
सावेसरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, शनिवारच्या बॅचचं काहीतरी झालंय. तर म्हणे अंधेरीच्या हेड ऑफिसात क्वालिटीमध्ये एक जागा आहे, तुझं नाव सुचवलंय, पुढच्या आठवड्यात भेटून ये. "लॅबकोट नाही, सेफ्टी शूज नाहीत. मजा आहे तुझी." थँक्यू सर म्हणाले आणि जागेवर येऊन पिपेट उलटं धरलं.

खरं तर उड्या मारायला हव्यात. परभणीत आमच्या गल्लीत मी दोन वर्षांपासून मुंबईतच आहे! मुंबईपासून दोन तासांवरचं बोईसर म्हटल्यावर समोरच्या देशमुखकाकू "बो... काय गं?" करत बसल्या, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "मुंबई हो, मुंबई." ते आजतागायत. आता ही नोकरी घेतली की आई खोटी पडायची नाही. चला.

९ नोव्हें., रवि.
केळव्याला गेले, लॅबमधल्या स्नेहलच्या स्कूटीवर. बरोब्बर तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल, मागे देशमुखकाकूंचं अर्धं डोकं. "समुद्र दाखव गं." दाखवला. "बिल्डिंगी कुठंयत मग?" आता बिल्डिंगी कुठून आणू? मागे नुसती सुरूची झाडं. फोन फिरवला तर सुट्टीला मुंबईहून आलेले पाहुणे, काळे चष्मे, शहाळी, सेल्फ्या. "ही बघा काकू, मुंबईची माणसं!" यात खोटं काय? काकू खूश. आईने हळूच डोळा मारला. स्नेहल वाळूत लोळून हसत होती, नालायक.

१३ नोव्हें., गुरु.
उद्या अंधेरी. पांढरा शर्ट धुतला. गॅलरीतली दोरी परवाच तुटलीय, म्हणून खाली अंगणात वाळत टाकला. हिरूमावशी (घरमालकीण, मी त्यांच्या वरच्या खोलीत) बाजारात गेल्या होत्या. बोईसरबाहेर पाम गावात राहण्याचा हा फायदा, अंगणं मोठी. बांबू रोवून चांगल्या ताणून बांधलेल्या सात-आठ दोऱ्या, त्यातली एक अख्खी रिकामी. नशीब!

१४ नोव्हें., शुक्र.
हसू की रडू.
काचेची खोली, गारढोण एसी. पाच मिनिटांत एका मॅडमनी रुमाल काढला. मग एक साहेब टेबलाखाली वाकून काय शोधत होते देव जाणे. शेवटी एसीवाल्याला फोन. तो शिडी घेऊन आला, जाळी काढली, आत टॉर्च मारला. "मरा हुआ कुछ नहीं है, साब." मी आपली स्टॅबिलिटी डेटा सांगतेय, आणखी जोरात.

परत येऊन मावशींना सांगितलं. "कंच्या दोरीवर टाकलंस?" दाखवली. मावशी पायरीवर बसल्या त्या उठेचनात. "आगो बाय माझे! बोंबलांची दोरी ती! काल सकाळीच सुके काढून बाजारात नेले, म्हनून रिकामी होती." पोट धरून हसत होत्या. मग शेजारणीला बोलावून पुन्हा पहिल्यापासून.

पण एक गोष्ट त्यांना नाही सांगितली. मला वास आलाच नाही. दिवसभर तो शर्ट अंगात होता. मी क्वालिटीवाली! पहिल्या दिवशी याच अंगणातून नाक दाबून वर पळाले होते, खिडक्या लावून घेतल्या, अगरबत्तीचा अख्खा पुडा एका दिवसात जाळला. दोन महिन्यांत खोली सोडणार होते.
हे कधी झालं?

१९ नोव्हें., बुध.
सिलेक्ट! बोंबलांसकट सिलेक्ट! सोम. १ तारखेला सकाळी अकरापर्यंत हो की नाही कळवायचं.
आई फोनवर एवढी ओरडली की बाबांनी विचारलं काय पडलं. "आता खरंच मुंबई गं!" शनिवारी येतेय.

मावशींना सांगितलं. "बरा झाला," एवढंच. नेहमीसारखी कालवणाची वाटी आणून दिली, कोलंबी जास्त होती. जाता जाता म्हणाल्या, "तुझे गॅलरीत नवी दोरी बांदूनच ठेवते. पुढच्या पोरीला लागंल." मला इतका राग आला! कोण पुढची पोरगी? माझी खोली आहे ती.
(नोकरी मीच बदलतेय. राग मलाच. शाब्बास.)

२२ नोव्हें., शनि.
आई आली. रिक्षातून उतरली आणि अंगणातले बोंबील बघून पदर नाकाला. "ह्याच्यात राहतीस तू? दोन वर्षं?" आमच्याकडे रविवारचं मटण जोरात, पण मासळीने उंबरा ओलांडलेला नाही. पदर जेवतानाही डाव्या हाताने नाकावर. मावशींनी बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ नोव्हें., सोम.
कामावरून आले तर आई अंगणात! पदर कमरेला! मावशींच्या भावाच्या होडीचा माल आला होता. मावशी शिकवत होत्या, "दोघांची तोंडा एकमेकांत आडकवायची, आन टाकायचे दोरीवर." आई एकेक जोडी अशी टाकतेय, जणू जन्म कोळीवाड्यात गेला. "कुरडयांना एवढं नसतंय बाई," म्हणे, "कावळे तेवढे दोन्हीकडं सारखेच." मग काठी घेऊन कावळ्यांमागे.
दोघी काहीतरी बोलत होत्या, मला बघून गप्प. संशयास्पद.
रात्री वाटी आली तेव्हा मात्र, "हात लावीन, खाणार नाही." ठीक. तेही खूप झालं.

२७ नोव्हें., गुरु.
आईला गाडीत बसवून दिलं. अंधेरीचा विषय पाच दिवसांत तिने काढला नाही, मीही नाही. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, "ती बाई जीव लावती तुला." मी हो म्हटलं.

३० नोव्हें., रवि.
सकाळी आईचा फोन.
"पिशवी उघडली तर सगळ्या घरात वास. लुगडं दोनदा धुतलं, जातच नाही मेला." देशमुखकाकू दारातूनच ओरडल्या म्हणे, "अगंबाई, मुंबईला असला वास असतो?"
"मग गं?"
"मग काय. म्हटलं, मुंबईला नाही, बोईसरला. माझी पोरगी बोईसरला असते. मुंबईला नव्हतीच कधी."
"आई! आणि काकू?"
"काकूचं काय! म्हणल्या बरं, चहा टाक."
दोन वर्षांचं खोटं, एका चहात मिटलं.
मग म्हणाली, "हे बघ, माझ्यासाठी म्हणून तिकडं जाऊ नको. जायचं तर तुला पाहिजे म्हणून जा."

फोन ठेवला आणि चक्क आईचाच राग आला. इतके दिवस बरं होतं. जायचं का? आईसाठी जायलाच हवं. वाईट वाटतंय? वाटू दे, आईसाठी. आता तिने तेही काढून घेतलं. आता ठरवायचं ते मलाच, आणि मला खरंच माहीत नाही. अंधेरीचं काम चांगलं आहे, शिकायला मिळेल. आणि इथे मी सुखात आहे. दोन्ही खरं आहे. उद्यानंतर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तिचं!

लॅपटॉप उघडला. 'डिअर सर' लिहिलं. स्वल्पविराम दिला. तेवढ्यात खालून हाक, "रुतू! कपडे आन, ऊन हाय!"
गॅलरीतून वाकून पाहिलं. मावशी अंगणात नवीकोरी निळी दोरी बांधत होत्या, बोंबलांपासून लांब, पेरूच्या झाडापर्यंत.
"ही तुझी. हिच्यावर बोंबील नाय टाकनार मी."
"आणि पुढच्या पोरीला?"
"तिचा ती बगंल. तू आन ना कपडे."

पांढरा शर्ट त्या दिवसानंतर तीनदा धुतलाय. खाली नेताना नाकाशी धरून पाहिला. मला अजूनही काहीच येत नाही.
मेल 'डिअर सर,' वरच आहे. उद्या अकरापर्यंत वेळ आहे.