आईने भरलेला दंड

इओसेफादादा,

गेल्या आठवड्यात तू आपियाहून विकास खात्याचा साहेब म्हणून आलास. दवाखान्याची फीत कापून भाषणात म्हणालास, "आपला सामोआ चिमुकला, पण प्रगतीत मागे नाही. सरकारी फवारणीने या गावातला डेंग्यू हटला." आईने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

आज तिची महिला समिती, कुठे पाणी साचलंय का म्हणून, घरं तपासायला निघाली. पहिलं घर नेहमीसारखं अध्यक्षांचंच, म्हणजे आपलं. मागच्या अंगणात एक फोडलेलं शहाळं सापडलं. त्यात पावसाचं पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. ते पिऊन कोणी भिरकावलं होतं, मला ठाऊक होतं. आईलाही.

"जाऊ दे गं, तुझंच घर," शेजारची फालेसा म्हणाली.

"का? डास काय नातं विचारून चावतो?" असं म्हणत आईने घरातलं डबाबंद मासळीचं अख्खं खोकं उचललं आणि गावच्या रीतीप्रमाणे दंड म्हणून सभाघरात नेऊन ठेवलं. बाई अशी आहे, म्हणून गावातली पोरं धडधाकट आहेत.

तुला कळवते म्हटलं, तर डोळे वटारले. "खबरदार! एवढा मोठा साहेब, उगाच लाजेल."

म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील. पुढच्या खेपेला तुझं शहाळं मीच फोडीन, आणि तू पिऊन ते माझ्या हातात देईपर्यंत समोरून हलणार नाही.

तुझी बहीण,
मालामा