हत्तीच्या डब्यातले डूल

काश्का-बुलाक, ४ मे

ति. स्व. उल्कान एजे यांस,
थोरल्या बहिणीस धाकटा बंधू सागिनाली याचा सा. स. वि. वि. (साष्टांग सलाम समजावा; गुडघा धरला असल्याने प्रत्यक्षात अर्धांग.)

येथे सर्व क्षेम. आपण माझ्याशी दूरध्वनीवर बोलणे सोडले, त्याचे कारण मला मान्य आहे: फोनवर माझा परिच्छेद ओलांडून पुढे जाता येत नाही. म्हणून हे पत्र मिनीबसच्या चालकाहाती, जर्दाळूच्या मुरंब्यासह, बिश्केकला धाडतो. मुरंबा आधी खावा. त्याने वाचकाची सहनशक्ती वाढते.

गतमासी दोन जर्मन सायकलस्वार आपल्या चहाखान्यात उतरले. पोटभर खाऊन झाल्यावर त्यांनी विचारले की या गावातला डबा कुठे आहे. मी त्यांस आदरपूर्वक टपालपेटी दाखविली. ती नीट न्याहाळून ते परत आले आणि पुन्हा डब्याचेच विचारू लागले. तेव्हा उलगडा झाला तो असा. अखिल भूतलावर लक्षावधी सुशिक्षित प्रौढ माणसे पुलाखाली, पुतळ्यामागे डबे लपवितात आणि त्यांचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करतात. इतर तितकीच सुशिक्षित माणसे फोन हाती धरून ते हुडकतात. सापडलेल्या डब्यातून एक वस्तू घ्यावी, तिच्याइतक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबा पूर्ववत लपवून घरी जावे, एवढाच नियम. इतके निष्काम कर्म मी आजवर फक्त आपल्या नगरपालिकेत पाहिले होते.

या जागतिक नकाशावर आपले गाव कोरे होते, एजे. संग्रहालयाचा माजी प्रमुख या नात्याने हे मला साहवले नाही. सबब मी चतुःस्थानी शोधयात्रा सिद्ध केली आहे. प्रथम स्थान, कल्पाक टोपीच्या आकाराचा बसथांबा. त्याच्या पाठीवर रंगविलेल्या आकड्यांवरून पुढचे स्थान निघते, ते वेशीवरचा सिमेंटचा मेंढा. मेंढ्याच्या चौथऱ्यावरचा आकडा नेतो हमामखान्याच्या धुराड्याकडे, आणि धुराडे नेते हवामान केंद्राच्या मागच्या भिंतीशी, जिथे एका विटेमागे डबा आहे. शेजारीच कालिपा अपा राहतात, त्या केंद्राच्या निवृत्त निरीक्षिका, ज्यांच्या अंदाजाच्या बरोबर उलट वागून या गावाने चाळीस वर्षे आपले गवत कोरडे राखले. त्यांना मी लक्ष ठेवण्यास विनविले आहे. हल्ली त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही, त्यामुळे लक्ष विपुल शिल्लक आहे.

डबा म्हणून हत्तीचे चित्र असलेला चहाचा जुना पत्र्याचा डबा घेतला. आपल्या स्वयंपाकघरात घट्ट झाकणाचा तोच एक. तळाशी तांदूळ होते, ते आर्द्रताशोषक म्हणून तसेच ठेवले, वर संग्रहालयाचा पितळी बिल्ला ठेवला. आमच्या सौ. बुरुलला अजून सांगितलेले नाही. ती आमच्या चि. एल्दियारच्या वाङ्निश्चयात गढलेली आहे. येत्या २५ तारखेस, रविवारी, आम्ही रिवाजाप्रमाणे नियोजित सूनबाई मीरिमच्या कानी डूल घालणार. आईचे चांदीचे डूल बुरुलने म्हणे अशा जागी जपून ठेवले आहेत की जिथे माझा हात कधी जात नाही.

आपला लोभ कोरडा राहावा म्हणून त्याच्या तळाशीही मूठभर तांदूळ घालावेत.

आपला,
सागिनाली

•

बिश्केक, ११ मे

चि. सागिनास,
उल्कान एजेचे अ. उ. आ.

मुरंबा पोचला. पत्रही वाचलं, तिसऱ्या परिच्छेदापासून.

अरे, ज्या गावात शेजारणीच्या पातेल्यात काय शिजतंय ते झाकण उघडायच्या आधी कळतं, तिथे तू लपवणार काय आणि कुणापासून? आणि 'अधिक मोलाची वस्तू ठेवावी' हे तू आपल्या लोकांना सांगितलंस? आपल्याकडे बारशाला एकाने कोकरू आणलं तर दुसरा ते परवडत नसताना घोडा आणतो. जर्मन लोक बिल्ला घेतील, बटण ठेवतील. आपले लोक काय ठेवतील, ते मी इथून सांगू शकते.

पण माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला आहे. हत्तीचा डबा, तळाशी तांदूळ. चहाच्या डब्यात तांदूळ का असतील, असा प्रश्न तुझ्या विद्वान डोक्याला पडला नाही? आई डूल तांदळात ठेवायची, काळे पडू नयेत म्हणून. आणि बुरुलला संसार आईनेच शिकवलाय. हे पत्र मिळताच उठ, आणि जाऊन तांदळात हात घाल. भाषण नंतर कर.

माझा गुडघाही तुझ्याच घराण्यातला आहे, त्यामुळे २५ला येणं जमणार नाही. सगळं नीट कळव.

माया आहेच. तू तिची परीक्षा किती वेळा घ्यायची ते ठरव.

तुझी,
उल्कान एजे

•

काश्का-बुलाक, १८ मे

ति. स्व. उल्कान एजे यांस, कृतापराध सागिनालीचा सा. स. वि. वि. या खेपेस गुडघ्याची पर्वा न करता पूर्ण साष्टांग.

आपले भाकीत उभय अंगांनी खरे ठरले.

प्रथम लहान संकट. शोधयात्रेस विदेशी मनुष्य एकही आला नाही. गाव मात्र सहकुटुंब आले. आकडेमोड कुणी केली नाही. डबा कुठे आहे हे कालिपा अपांनी पहिल्याच दिवशी विचारेल त्यास सांगितले, कारण त्यांच्या मते लक्ष ठेवणे म्हणजे वाट दाखविणे. पहिल्याने बिल्ला घेऊन मधाची बरणी ठेवली. दुसऱ्याने मध नेला आणि लोकरी नमद्याचे जोडे ठेवले, ते डब्यात मावेनात म्हणून शेजारी पेटी आणली. पेटीत कुणी रजई ठेवली. रजई नेणाऱ्यास वाटले की रजईच्या वर आता मेंढीच शोभते, आणि भिंतीशी एक मेंढी बांधली गेली. अद्याप तीच आहे. मेंढीहून अधिक मोलाचे ठेवणे म्हणजे घोडा. तो देण्याची तयारी कुणाची नाही, आणि न देण्याची लाज सर्वांना आहे. म्हणून चार दिवस गाव त्या भिंतीवरून नजर चुकवून जात आहे. मेंढीचा चारा मी घालतो.

आता मोठे संकट. आपले पत्र पोहोचण्याआधीच बुरुलने फळीवर डबा शोधला. तिने मला काय म्हटले ते लिहिण्यास मजकडे पुरेसा कागद नाही. मी धावलो. तांदूळ होते, डूल नव्हते. त्यांच्या जागी वायुभारमापक यंत्र होते, पितळी, काचेचे. अशा यंत्राची गावात एकच मालकीण. कालिपा अपांनी तांदळात ओल किती ते पाहण्यास बोटे घातली, बोटांना डूल लागले, आणि त्यांनी नियमाबरहुकूम व्यवहार पुरा केला. दारात गेलो तेव्हा त्या डूल घालूनच उभ्या होत्या. आईचे डूल, एजे, सत्तरीपलीकडच्या कानांत. खोटे कशाला लिहू, शोभत होते.

मी परत मागितले. त्या शांतपणे म्हणाल्या की नियम तुझाच आहे ना रे सागिन, यंत्र माझं डुलांपेक्षा जड आहे, हवं तर तोलून घे.

एवढ्यावर भागते तर मी अल्लाचे आभार मानले असते. पण म्हाताऱ्यांच्या मंडळाने चहाखान्यात निर्णय दिला: सागिनालीच्या घरचे डूल जिच्या कानी, ती सागिनालीच्या मुलाची वाग्दत्त वधू. डूल उतरवून घ्यायचे, तर ते वरपक्षाने सोयरीक मोडणे झाले; दंड एक घोडा व एक झगा. झग्यासाठी आपले माप द्यायला दोघे जण सिद्धही झाले.

ही वार्ता मीरिमच्या बापास पोहोचली. त्याने निरोप धाडला की मुलगी द्यायला ना नाही, पण तिनं थोरल्या सवतीला सकाळचा चहा करून द्यायचा असेल तर तसं आधी सांगायला हवं होतं. रविवारी तेच डूल घेऊन आलात तर दार उघडं, नाही तर गिरणीवाल्याचंही स्थळ आलेलं आहे. नवे डूल घडवतो म्हटले, तर उत्तर आले की एका मुलाचे दोन जोड डूल गावात फिरणार असतील, तर तिसरा कुठे निघेल याचा भरवसा काय.

एल्दियार जेवत नाही. शोधयात्रेच्या पहिल्या स्थानी, टोपीखाली, बस येवो न येवो, बसून असतो. आजवर मी हा मजकूर विनोदाने लिहीत आलो. त्या टोपीखालच्या मुलाकडे पाहून मात्र विनोद सुचत नाही.

मार्ग सुचवावा. लोभ मागण्याचा अधिकार या पत्रापुरता मी स्वतःच काढून घेत आहे.

सागिनाली

ता. क. (बुरुलकडून): एजे, यांना घरात घेतलंय, पण जेवण भिंतीकडे, मेंढीच्या बाजूलाच धाडते.

•

बिश्केक, २१ मे

चि. सागिनास, अ. उ. आ. बुरुलला दुप्पट.

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. मग एल्दियारचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

आता नीट ऐक आणि मध्ये संस्कृत आणू नकोस. रिवाजाने बांधलेली गाठ रिवाजानेच सुटते. लग्नात नवऱ्या मुलाला एक मानाची आई नेमतात की नाही? कालिपाला ती नेम. मानाची आई झाली की एल्दियार तिचा मुलगा झाला. आई मुलाची वधू कशी होईल? म्हाताऱ्यांच्या मंडळाला विचार, त्यांच्या दाढ्या गळून पडतील. सोयरीक मोडली नाही, दंड नाही, झगा नाही. आणि वधूच्या कानात डूल घालायचा मान मानाच्या आईला दिला, की डूल आपोआप कान बदलतील.

पण तिच्याकडे हुकूम घेऊन जाऊ नकोस. पिठाचे बोरसोक तळून ने, बस, चहा पी, आणि उद्या हवा कशी राहील ते विचार. पूर्वी गवत कापायच्या आधी अख्खं गाव तिला विचारायचं. उलट वागायला का होईना, विचारायचं. केंद्रात ते आपोआप चालणारं यंत्र बसल्यापासून तिचं चुकणंसुद्धा कुणाला नको झालंय. डूल तिला हवे असतील, पण तिच्या दारात इतकी माणसं एरवी कधी आली, सांग?

मायेत कपात नाही. वाढ मागायची तर आधी डूल दाखव.

उल्कान एजे

•

काश्का-बुलाक, २६ मे

ति. स्व. उल्कान एजे यांस, सागिनालीचा सा. स. वि. वि. बुरुल आजपासून मला टेबलाशी वाढू लागली आहे, यावरून बाकीचे ओळखावे. तरीही लिहितो, कारण ओळखणे हा माझा प्रांत नव्हे.

बोरसोक घेऊन गेलो. चहाच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत डुलांचे नावही काढले नाही. माझ्या आयुष्यातील हे प्रदीर्घतम मौन होय. मग हवा विचारली. अपा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, रविवारी गारा पडतील. मग मी मानाच्या आईचे काढले. त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या की वधू व्हायला माझी हरकत नव्हती, पण पोरगा घोरत असेल. आई होणं बरं, आईला वेगळी खोली मिळते.

म्हाताऱ्यांच्या मंडळाने हा युक्तिवाद दोन दिवस चघळला आणि तो मूळचा आपलाच आहे असे जाहीर केले. झग्याच्या मापासाठी आलेले दोघे खिन्न होऊन परतले.

अपा गारा म्हणाल्या, म्हणून गावाने निःशंकपणे मीरिमच्या बापाच्या अंगणात उघड्यावर टेबले मांडली. तो गृहस्थ दारातच हाताची घडी घालून उभा होता. भाजलेले मांस आले, पाव आले, आणि लागलीच अक्रोडाएवढ्या गारा आल्या. चाळीस वर्षांत प्रथमच अंदाज बरोबर आला. अपांना कारण विचारले, तर म्हणाल्या की यंत्र तुझ्या डब्यात पडलंय, मी या वेळी गुडघ्यावरून सांगितलं. म्हणजे, एजे, त्या सर्वकाळ बरोबरच होत्या. बिघडलेले होते ते यंत्र. आणि त्याचे मोल डुलांहून अधिक धरून मी नियमाचे पालन मानले होते.

सर्व गाव एका खोलीत शिरले. मेंढीही शिरली, चौथ्या स्थानावर तिला उपाशी कसे ठेवावे, म्हणून मी तिला संगे आणले होते. त्याच वेळी ओलेचिंब दोन सायकलस्वार दार ठोठावत आले, फोन पुढे धरून. अगदी तेच जर्मन. त्यांनी टोपी, मेंढा, धुराडे अशी रीतसर आकडेमोड केली होती, भिंतीशी फक्त सुटलेली दोरी सापडली, म्हणून लेंड्यांच्या मागावर इथवर पोहोचले. या गावात माझी शोधयात्रा नियमाने पुरी करणारे तेवढे दोघेच. त्यांना बसवून वाढले. हे लिहीपर्यंत ते जेवत आहेत.

मग अपा उठल्या. मीरिम समोर बसली. अपांनी एक डूल काढला, तिच्या कानी घातला. दुसरा काढताना त्यांचा हात कानापाशी क्षणभर थांबला. ते सर्वांनी पाहिले. मग तोही घातला. एल्दियारने श्वास सोडला तो मला पलीकडच्या भिंतीशी ऐकू आला. मीरिमच्या बापाने हाताची घडी सोडली.

आता उठायचे, तर मीरिम उठेना. तिने मांडीवरची पुरचुंडी उघडली. तीत तिचे नेहमीचे डूल होते, साधे, निळ्या खड्यांचे, आईचे डूल यायचे म्हणून तिने सकाळीच उतरवून ठेवलेले. तिने अपांना खाली बसविले आणि ते त्यांच्या कानी घातले. सासरेबुवांच्या खेळाचा नियम आहे म्हणाली. घेतलं की ठेवायचं. अपांनी आरसा मागितला. आरसा नव्हता, म्हणून त्यांनी जर्मनांच्या फोनच्या काळ्या काचेत पाहिले, बराच वेळ, आणि सांगितले की उद्या ऊन पडेल.

आज ऊन पडले आहे. सकाळी अपांच्या दारी चारजण गवताचे विचारायला उभे होते. डबा मी विटेमागे परत ठेवला आहे. आत तांदूळ, आणि बिघडलेले यंत्र. मेंढीस कुणी नेईना, म्हणून ती गावाची झाली.

या पत्रातून लोभ हवा तितका घ्यावा; तितकाच किंवा अधिक ठेवावा.

आपला,
सागिनाली